भरतीच्या धावेलाही हप्ते पाडा

पोलिस भरतीची जाहिरात निघाली की गावोगावी पहाटे पाच वाजता डांबरी रस्त्यावर पोरं पळताना दिसतात. २०२४ सालच्या भरतीत राज्यात १७ हजारांवर जागा होत्या आणि अर्ज आले १७ लाखांच्या वर. म्हणजे शंभर अर्जांमागे जेमतेम एक जागा. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आणखी सुमारे १५ हजार पदं भरायला मंजुरी दिली आणि रस्ते पुन्हा गजबजले.

ही गर्दी कुठून येते हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. दोन भावांत वाटणी झाली की एकाने शेत बघायचं आणि दुसऱ्याने वर्दी बघायची, असा हिशेब अनेक घरांत ठरलेला आहे. त्यामुळे धावण्याची तयारी हा आता पोरासोरांचा खेळ राहिलेला नाही, घरच्या अर्थकारणाचा भाग झाला आहे. बाप त्यासाठी उसाच्या बिलातून अकादमीची फी भरतो.

पैसा आणि कष्ट दोन्ही लागतात, तर ते लागी लागतात का हेही बघायला हवं. कामानिमित्त गावोगाव फिरताना दिसतं ते असं की बहुतेक पोरं रोज एकाच पद्धतीने पळतात. रोज तेवढंच अंतर, रोज अंगात असेल नसेल तेवढा जोर, आणि शेवटी गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकणं. दमलो म्हणजे तयारी झाली, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. पिकाला सगळा युरिया एकाच दिवशी टाकत नाहीत, त्याचे हप्ते पाडतात. धावेचंही तसंच आहे.

गुणांचं गणित

आधी कशासाठी पळायचं ते नीट समजून घ्यावं. पोलिस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आहे. मुलांना १६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर, बाकी गुण तेच. मैदानात निम्मे गुण मिळाले नाहीत तर पुढचा रस्ता बंद. मिळाले तरी एका जागेमागे दहाच उमेदवार लेखी परीक्षेला बोलावतात. राज्य राखीव दलाला ५ किलोमीटरची धाव असते, तिची तयारी वेगळी. लष्कराच्या अग्निवीर भरतीत मात्र १.६ किलोमीटरच आहे आणि साडेपाच मिनिटांच्या आत आल्यास पूर्ण ६० गुण मिळतात.

१६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत झालं तर पोलिस भरतीत पूर्ण २० गुण. तिथून पुढे दर २० सेकंदांना २ गुण कमी होत जातात. साडेपाच मिनिटांपर्यंत १८, ५ मिनिटं ५० सेकंदांपर्यंत १६, ६ मिनिटं १० सेकंदांपर्यंत १४, याप्रमाणे. मुलींना ८०० मीटरला २ मिनिटं ५० सेकंदांत २० गुण आणि पुढे दर १० सेकंदांना २ गुण कमी.

आता हेच गणित २०० मीटरच्या फेरीत मांडून बघा. १६०० मीटरच्या आठ फेऱ्या. २० सेकंद भागिले आठ, म्हणजे फेरीमागे अडीच सेकंद. मुलींच्या चार फेऱ्या. १० भागिले चार, तेही अडीच सेकंदच. म्हणजे दर २०० मीटरला अडीच सेकंद वाचवले की २ गुण वाढतात. जिथे अर्ध्या गुणाने नाव यादीबाहेर जातं, तिथे हे दोन गुण फार मोठे. आणि अडीच सेकंद हे काही डोंगराएवढं उद्दिष्ट नाही, आखणी करून मिळवता येण्यासारखं आहे.

रोज परीक्षा दिली म्हणजे अभ्यास होत नाही

रोज पूर्ण १६०० मीटर घड्याळ लावून पळणं म्हणजे रोज वार्षिक परीक्षा देणं. पहिल्या दोन फेऱ्या जोरात जातात, चौथ्या-पाचव्या फेरीला पाय जड होतात आणि उरलेलं अंतर कसंबसं ओढत न्यायचं. अशा धावण्यात हव्या त्या वेगाने पळणं होतं फक्त पहिल्या निम्म्या अंतरात. उरलेल्या निम्म्यात शरीर शिकतं ते मंद पळायला.

तेच अंतर तुकड्यांनी केलं तर चित्र बदलतं. २०० मीटर ठरलेल्या वेगाने पळायचं, मग २०० मीटर चालत किंवा हळू पळत दम घ्यायचा, पुन्हा २०० मीटर. अशा आठ-दहा फेऱ्यांत पोरगं १६०० ते २००० मीटर हव्या त्याच वेगाने पळतं, आणि शेवटच्या फेरीतही त्याची ढब मोडत नाही. मधल्या वेळात श्वास खाली येतो पण हृदयाचं काम सुरूच राहतं. पाय वेगाला सरावतात, छाती दमाला सरावते, आणि दुसऱ्या दिवशी अंग आंबून पडत नाही.

ही पद्धत नवी नाही. जर्मनीत १९३० च्या दशकात गर्शलर नावाच्या प्रशिक्षकाने ती पद्धतशीर बसवली. त्याचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग १९३९ मध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पळाला आणि तो विक्रम १९५५ पर्यंत टिकला. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक ४०० मीटरच्या तुकड्यांवर तुकडे पळायचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५ हजार मीटर, १० हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं घेतली. आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचं कांस्यपदक आणलं ते याच ऑलिंपिकमधून.

आपल्या कामाचं उदाहरण मात्र इंग्लंडच्या रॉजर बॅनिस्टरचं. हा वैद्यकीचा विद्यार्थी. रुग्णालयातल्या कामामुळे सरावाला दुपारच्या सुट्टीचा थोडाच वेळ मिळायचा. एक मैल, म्हणजे १६०९ मीटर, चार मिनिटांच्या आत पळायचं त्याने ठरवलं. आपल्या भरतीच्या धावेएवढंच हे अंतर. तो ४४० यार्डांच्या दहा फेऱ्या पळायचा आणि प्रत्येक फेरीनंतर दोन मिनिटं दम घ्यायचा. १९५४ च्या वसंतात त्याची वेळ फेरीला ६१ सेकंदांवर अडकली, काही केल्या ती खाली येईना. तेव्हा त्याने जास्त पळण्याऐवजी काही दिवस पळणंच बंद केलं आणि मित्रासोबत डोंगर चढायला निघून गेला. परत आल्यावर त्याच दहा फेऱ्या ५९ सेकंदांनी झाल्या. ६ मे १९५४ रोजी तो ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत मैल पळाला. जगात हे आधी कोणाला जमलं नव्हतं. थोडा वेळ, तुकड्यांचा सराव आणि योग्य वेळी विश्रांती, यावर हे झालं.

आठ आठवड्यांची आखणी

ज्याने आजवर काहीच पळणं केलेलं नाही, त्याने लगेच या भानगडीत पडू नये. पहिला महिना-दीड महिना आठवड्यातून चार दिवस, बोलता येईल इतक्या सावकाश गतीने २० ते ३० मिनिटं पळावं. नांगरट झाल्याशिवाय पेरणी नको.

त्यानंतर एकदा १६०० मीटरची चाचणी घ्यावी आणि आलेल्या वेळेला आठने भागावं. समजा एका मुलाला ६ मिनिटं २४ सेकंद लागले. म्हणजे ३८४ सेकंद, फेरीला ४८ सेकंद. त्याला आज १२ गुण आहेत. ६ मिनिटं ८ सेकंदांवर आला तर १४ गुण होतील. त्यासाठी फेरी ४६ सेकंदांत यायला हवी. सुरुवात मात्र ४८ पासूनच करायची. वेग आजच्या ताकदीवरून ठरवावा, मनातल्या इच्छेवरून नाही. शेजारचा पोरगा ४० सेकंदांत पळतो म्हणून आपणही ४० ने सुरुवात करणं म्हणजे शेजाऱ्याच्या बागायतीचं खत आपल्या जिरायतीला टाकणं.

अशा मुलासाठी मंगळवारची आखणी अशी करता येईल.

पहिला आठवडा : २०० मीटरच्या ८ फेऱ्या, प्रत्येकी ४८ सेकंद, मध्ये दोन मिनिटं चालणं.
दुसरा : फेऱ्या १०, वेळ आणि विश्रांती तीच.
तिसरा : १० फेऱ्या, ४७ सेकंदांनी.
चौथा : निम्मं काम. ५ फेऱ्या ४७ सेकंदांनी. हा आठवडा अंग सावरण्याचा.
पाचवा : १० फेऱ्या ४७ सेकंदांनी, विश्रांती दीड मिनिट.
सहावा : १० फेऱ्या ४६ सेकंदांनी, विश्रांती दीड मिनिट.
सातवा : १२ फेऱ्या ४६ सेकंदांनी.
आठवा : फक्त ५ फेऱ्या, आणि आठवड्याअखेर पुन्हा १६०० मीटरची चाचणी.

यातलं सूत्र ध्यानात घ्या. सरावाच्या आठवड्यात एका वेळी एकच गोष्ट बदलली आहे. एकदा फेऱ्या वाढवल्या, एकदा वेळ कमी केली, एकदा विश्रांती कमी केली. तिन्ही एकदम केल्या की पोरगं तिसऱ्या आठवड्यात नडगी धरून बसतं.

शुक्रवारी ४०० मीटरचे तुकडे घ्यावेत, पण तिसऱ्या आठवड्यापासून. आधी ४ फेऱ्या ९६ सेकंदांनी, मध्ये तीन मिनिटं दम. चौथ्या आठवड्यात सुट्टी. पाचव्यात ५ फेऱ्या त्याच वेळेत, सहाव्यात ५ फेऱ्या ९४ सेकंदांनी, सातव्यात एक फेरी कमी करून ४ फेऱ्या ९२ सेकंदांनी. आठव्यात नको. पहिल्या दोन आठवड्यांत शुक्रवारी १०० मीटरच्या सहा मोकळ्या, सैल अंगाने धावा पुरे. त्याने १०० मीटरच्या १५ गुणांचीही तयारी होते.

मुलींनी ८०० मीटरसाठी हीच रीत वापरावी, फक्त आलेल्या वेळेला चारने भागावं आणि फेऱ्या सहा ते आठ ठेवाव्यात.

उरलेल्या दिवसांचं काय? बुधवार आणि शनिवार हळू पळणं, अर्धा तास. गुरुवारी गोळाफेक आणि जोर-बैठका. रविवारी ४५ मिनिटं सावकाश, शक्यतो मातीच्या रस्त्याने. सोमवारी पूर्ण सुट्टी. तुकड्यांच्या दिवशी आधी दहा-पंधरा मिनिटं हळू पळून अंग गरम करावं आणि शेवटी दहा मिनिटं हळू पळून थंड करावं. थंड अंगाने पहिलाच तुकडा जोरात मारला की मांडीची शीर धरते.

सराव बरोबर चाललाय हे ओळखायची खूण सोपी आहे. पहिली फेरी आणि शेवटची फेरी सारख्याच वेळेत यायला हवी. पहिली ४२ ला आणि शेवटची ५३ ला आली तर तो सराव फुकट गेला. लागोपाठ दोन फेऱ्या ठरल्या वेळेपेक्षा तीन सेकंदांनी मागे पडल्या, तर त्या दिवसाचं काम तिथेच थांबवावं. वहीत तारीख, फेऱ्या, वेळ आणि अंग कसं होतं ते लिहावं. दूध डेअरीचं कार्ड आपण जपतो, तशी ही वही जपावी.

विश्रांती म्हणजे वाफसा

पाणी दिल्यावर वाफसा आल्याशिवाय आपण रानात औत घालत नाही. घातलं तर ढेकळं निघतात. शरीराचंही हेच. जोराच्या दोन दिवसांमध्ये किमान दोन दिवस जायला हवेत. ताकद पळताना वाढत नाही, पळून झाल्यावर नीट खाऊन-झोपून वाढते.

गावातल्या पोराची गोष्ट शहरातल्या पोरापेक्षा वेगळी आहे. त्याला शेतातलं कामही असतं. दिवसभर उसाची मोळी उचलली, सोयाबीनची मळणी केली किंवा रात्रीच्या लायटीवर पाणी धरलं, तर दुसऱ्या दिवशी पहाटे तुकडे मारायला जाऊ नये. हळू पळावं किंवा झोपावं, आणि मंगळवारचं काम बुधवारी घ्यावं. वडिलांनीही थोडं समजून घ्यावं. महत्त्वाच्या दोन दिवसांच्या आदल्या रात्री पाण्याची पाळी दुसऱ्याने धरली तर पोराचे आठ आठवडे वाया जात नाहीत. पेरणी-सुगीचा पंधरवडा असला तर आखणीच पंधरा दिवस पुढे ढकलावी.

खाण्याचंही फार स्तोम नको. भाकरी, डाळ, उसळ, दूध, अंडी, शेंगदाणे आणि गूळ, यात सगळं आलं. महागडे डबे आणि ‘ताकद’ देणारी इंजेक्शनं यांच्या नादी लागू नये. त्याने भरती तर जाईलच, तब्येतही जाईल.

जिवापेक्षा गुण मोठे नाहीत

ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत १० किलोमीटर धावण्याची चाचणी होती. त्यात दहाहून जास्त उमेदवार दगावले आणि सरकारला भरती काही दिवस थांबवावी लागली. त्याच वर्षी आपल्या राज्यातल्या भरतीतही धावण्याच्या चाचणीच्या वेळी तरुणाचा जीव गेला. प्रत्येक मृत्यूचं कारण वेगळं असू शकतं. पण महिनोन् महिने काही न करता जाहिरात निघाल्यावर एकदम जोर काढणं, रात्रभर प्रवास करून उपाशीपोटी मैदानावर उतरणं आणि उन्हात पळणं, हा धोका आपल्या हाताने वाढवलेला असतो.

म्हणून तयारी सुरू करण्याआधी ग्रामीण रुग्णालयात एकदा तपासणी करून घ्यावी. पळताना छातीत दुखलं, चक्कर आली, कधी बेशुद्ध पडला असेल, किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांना सांगून ईसीजी काढल्याशिवाय एकही तुकडा मारू नये. ताप असताना पळू नये. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत सगळं उरकावं. चाचणीच्या आदल्या दिवशी गावी मुक्काम न करता भरतीच्या ठिकाणी वेळेवर पोहोचून झोप घ्यावी.

पाऊण एकरात धावपट्टी

आता गावकारभाऱ्यांसाठी. तुकड्यांच्या सरावाला मोजलेलं अंतर लागतं, आणि ते बहुतेक गावांत नाही. ‘शाळेपासून कॅनॉलच्या पुलापर्यंत’ हे अंतर कोणी मोजलेलं नसतं. डांबरी रस्त्याने नडग्या दुखावतात. अंधारात वाहनांचा धोका वेगळाच. मुलींना तर पहाटे रस्त्यावर एकटं पाठवायला घरचे तयार नसतात, आणि त्यांची तयारी तिथेच संपते.

२०० मीटरची धावपट्टी पाऊण एकरात बसते. ५० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकाव्यात. १५ मीटर ६० सेंटीमीटर दोरी घेऊन दोन्ही खुंट्यांभोवती बाहेरच्या बाजूला अर्धगोल काढावेत आणि त्यांची टोकं सरळ रेषांनी जोडून फक्की मारावी. पळणारा या रेषेच्या साधारण फूटभर बाहेरून पळतो, तेव्हा एक फेरी २०० मीटर भरते. रेषेबाहेर दोन मीटर रुंद पट्टी साफ करून मुरूम टाकावा, पाणी मारावं आणि रोलर फिरवावा. वळणं थोडी आवळ होतात, म्हणून हळू पळण्याच्या दिवशी उलट्या दिशेने फेऱ्या घ्याव्यात, म्हणजे एकाच पायावर भार येत नाही.

शाळेचं मैदान किंवा गावठाणातली मोकळी जागा याला चालते. ग्रामसभेचा ठराव करून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे क्रीडांगण विकासाच्या अनुदानासाठी प्रस्ताव देता येतो. मंजुरीची वाट न बघता खुंट्या, दोरी आणि फक्कीचं काम मात्र एका रविवारी श्रमदानाने होण्यासारखं आहे. ग्रामपंचायतीने एक दिवा, पाण्याची एक टाकी आणि प्रथमोपचाराची पेटी दिली तर मुलीही येतील. गावात निवृत्त जवान असतील तर घड्याळ त्यांच्या हाती द्यावं.

बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे शाळेसाठी रोज सहा किलोमीटर चालत-पळत जायचा. बारावीनंतर लष्करात गेला आणि पद्धतशीर सराव त्याला तिथे मिळाला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३ हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेतलं. सुवर्ण हुकलं ते एका सेकंदाच्या विसाव्या भागाने. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण आणलं. अंगात ताकद गावातूनच आली होती, ती मापात बसवली सरावाने.

शेतकरी बंधूंनो, शंभरात एकालाच वर्दी मिळणार हे वास्तव आहे. म्हणून लेखी परीक्षेचा अभ्यास आणि हातातलं शिक्षण सोडू नका. आठवड्यात दोनच दिवस जोराचा सराव ठेवला तर अभ्यासालाही वेळ राहतो आणि शेतालाही, हा या पद्धतीचा आणखी एक फायदा. ज्याला नोकरी मिळेल त्याचं चांगलंच होईल. ज्याला मिळणार नाही, त्याचं अंग निदान मोडलेलं नसावं, कारण त्याला उद्या आपलंच शेत कसायचं आहे.